नाताळात आग लागू नये म्हणून 24 च्या रात्री कुलूप लावायच्या आधी हे पाहा

नागपुरात नाताळ म्हणजे ऐन थंडी, त्यामुळे चांदणी, झाडाची लाइटिंग, हिटर अन् पाण्यात टाकायची रॉड सगळं एकाच वेळी चालू असते. लोक मेणबत्तीला भितात पण मला एक्स्टेंशन बोर्डाची जास्त भीती वाटते. दोन वर्षांआधी आमच्याकडे एकाच बोर्डावर झाडाची माळ, चांदणी आणि हिटर लावला होता, थोड्या वेळात जळका वास आला, पाहतो तर हिटरची पिन बोर्डात चिकटलेली अन् प्लास्टिक वितळलेलं, आणि बाजूलाच पडदा!

हिशोब साधा आहे. 2000 वॉटचा हिटर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपियर ओढते, आणि आपला नेहमीचा छोटा सॉकेट असतो 6 अँपियरचा. म्हणून हिटर, रॉड, गिझर हे भिंतीतल्या 16 अँपियरच्या पॉवर सॉकेटलाच लावा, बोर्डावर फक्त माळा. रॉड बादलीत टाकून दुसऱ्या कामाला जाऊ नका, पाणी आटलं की ती लाल होते अन् प्लास्टिकची बादली पेटते.

माळा वर्षभर सज्ज्यावर पडलेल्या असतात, उंदीर कुरतडतात. प्लग न लावता पूर्ण उलगडून पाहा, वायर उघडी दिसली तर टेप मारत बसू नका, सरळ फेका, सीताबर्डीत नवीन मिळते. कागदी चांदणीत जुना पिवळा बल्ब अजिबात नको, तो खूप तापतो, छोटा एलईडी टाका.

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात आपण तणस घालतो, बर्फ म्हणून कापूस पसरतो, वरून पतंगी कागद, म्हणजे पेटायला सगळंच तयार. त्यात खरी मेणबत्ती ठेवूच नका, सेलवरचे दिवे छान दिसतात. मेणबत्ती लावायचीच असेल तर गोठ्यापासून दूर, स्टीलच्या ताटात वाळू टाकून, अन् जवळ कोणीतरी मोठं माणूस पाहिजे, पोट्टे सांताचा ड्रेस घालून धावत असतात आणि ते कापड भरकन पेटते.

रोझ कुकीज (फुलाच्या साच्यातल्या), करंज्या तळताना कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीच टाकू नका, भडका उडतो. गॅस बंद करा, मोठं झाकण ठेवा, थंड होईपर्यंत उघडू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणंही टाळा, आग नाही लागली तरी कोळशाच्या विषारी गॅसनं झोपेतच जीव जाऊ शकतो.

आता महत्त्वाचं. रात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) अख्खं घर जाते, चर्च सदरचं असो की मोहननगरचं, घराला कुलूप अन् आत लाइटिंग चालू. "येतोच ना दोन तासांत" म्हणून कोणी बंद करत नाही, पण ठिणगी पडली तर पाहायला घरात कोणीच नसते. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरवरची लाइन चालूच राहते, आणि चांदणी बहुतेक त्याच लाइनवर असते! म्हणून माळा आणि चांदणीचे प्लग हातानं काढा. घरी आजी-आजोबा थांबणार असतील तर बाहेरून कुलूप लावू नका, ग्रिलची चावी त्यांच्या हाताशी ठेवा, अग्निशमन दलाचा 101 नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहा आणि शेजारच्या काकूंना सांगून जा.