मिरगाआधी कॉम्प्युटरचं पुरुमेंत

मे अर्धा सरला की आमच्या फोंड्याच्या घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, धांदल सुरू होते. सोलं, मिरच्या, सुके बांगडे, उकडे तांदूळ, सगळं बरण्या-डब्यांत जाऊन बसतं. त्या यादीच्या तळाशी मी गेली दोन वर्षं कॉम्प्युटर लिहितो. आई आधी हसली होती, पण त्याआधीच्या जूनमध्ये काय झालं ते तिनंही पाहिलंय. अण्णांनी सप्ताहासाठी तीन संध्याकाळी बसून अभंग टाइप केले, फाइल सेव्ह न करता मशीन स्लीपला घातलं, आणि रात्री वीज गेली. सकाळी तीन संध्याकाळींतली एक ओळही हाती लागली नाही.

म्हणून पहिलं काम स्लीपचं. स्लीपमध्ये सगळं उघडं काम रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, असतं, आणि रॅमला ते धरून ठेवायला सतत थोडा करंट लागतो. वीज गेली की ते पुसलं जातं. हायबरनेट मात्र तेच काम डिस्कवर लिहून मग मशीन पूर्ण बंद करतो. मग वीज दोन दिवस आली नाही तरी बिघडत नाही. विंडोजच्या मेनूत हायबरनेट सहसा दिसत नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन, पॉवर बटणानं काय करायचं ते ठरवण्याच्या पानावर त्याची खूण करावी लागते. खुणा फिक्या दिसल्या, तर वरची ‘सध्या बदलता न येणाऱ्या सेटिंग्ज बदला’ अशा अर्थाची ओळ दाबायची. डिस्कवर जागा हवी. आठ जीबी रॅम असेल तर साधारण तीनेक जीबी तरी. डेस्कटॉपला हायब्रिड स्लीप म्हणून आणखी एक पर्याय असतो. त्यात काम रॅममध्येही राहतं आणि डिस्कवरही. आमच्या मशीनवर तो कोणीतरी बंद करून ठेवला होता. बहुधा मीच.

वेळा मी अशा लावल्यात: दहा मिनिटांनी स्क्रीन बंद, वीस मिनिटांनी स्लीप, तासाभरानं हायबरनेट. मशीन रात्री आपोआप जागं होत असेल तर आधी माऊसकडे बघा. आमचं मांजर टेबलावरून गेलं की खोली उजळायची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘या उपकरणाला कॉम्प्युटर जागा करू द्या’ ही खूण काढली, मांजर निर्दोष सुटलं.

यूपीएसची बॅटरी मेमध्येच तपासून घ्यावी. घरगुती सहाशे व्हीएचा यूपीएस चांगल्या बॅटरीवरही काही मिनिटंच टिकतो. तो फाइल सेव्ह करायला असतो, पुढचं पान टाइप करायला नव्हे. हे अण्णांना पटायला एक पावसाळा गेला. यूएसबीची वायर असलेला यूपीएस असेल तर बॅटरी संपत आल्यावर मशीनला आपोआप हायबरनेट करायला सांगता येतं. आमचा स्वस्तातला आहे, त्याला ती वायर नाही.

आता रीस्टार्ट. अण्णा रोज रात्री शटडाउन करतात, त्यामुळे मशीन रोज ताजं उठतं असा त्यांचा समज होता. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आला. तो चालू असेल तर शटडाउनच्या वेळी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनंच होते, किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाउन केल्यावर. प्रिंटर रुसला, मशीन जड झालं, तर चार वेळा बंद-चालू करण्यापेक्षा एक रीस्टार्ट पुरतो. आमचा शनिवारी संध्याकाळी ठरलेला असतो, दिवा लावून झाला की.

अपडेट जूनच्या आत संपवून टाकायचे. अपडेट बसत असताना वीज गेली की मशीन अर्धवट लटकतं, आणि पावसात दुरुस्तीवाला सांगितलेल्या दिवशी येईल ही आशा नको. विंडोज अपडेटमधले ॲक्टिव्ह अवर्स जास्तीत जास्त अठरा तासांचे ठेवता येतात. आमचे पहाटे पाच ते रात्री अकरा आहेत, म्हणजे मधल्या वेळेत ते मनानं रीस्टार्ट होत नाही. विंडोज 10 वर असाल तर त्याची नेहमीची मोफत मदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आहे, त्याचा विचार वेगळा करा.

वीज परत आल्यावर मशीननं काय करायचं, हे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ठरतं. ‘बंदच राहा’ असं ठेवा. आमच्याकडे वीज परतते ती दोन-तीन उचक्या देऊन, आणि प्रत्येक उचकीला मशीन सुरू होणं डिस्कला मानवत नाही. गडगडायला लागलं तर सेटिंग वगैरे काही नाही, प्लग काढायचा. राउटरचाही.

पासवर्डावरून आमच्याकडे वाद झाला. अण्णांना तो नकोच होता. ‘घर आपलं, मशीन आपलं!’ पण आमचं दार दिवसभर उघडं, सोप्यावर कोणी ना कोणी बसलेलं, आणि अण्णांची बँक त्याच मशीनवर. मग तडजोड झाली. अण्णांना चार आकडी पिन, भाच्याला वेगळं साधं खातं, आणि साइन-इन ऑप्शन्समध्ये ‘झोपेतून उठल्यावर विचारा’ चालू. जेवायला उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबून स्क्रीनला कुलूप. बायोसचा पासवर्ड मी ठेवत नाही. तो विसरला तर विंडोजपर्यंत पोचणंच बंद.

त्याहून मोठी अडचण बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची. गेल्या वर्षी मदरबोर्डवरचा, घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग्ज सांभाळणारा सीआर 2032 सेल संपला. घड्याळ मागे गेलं, वेबसाइटी उघडेनात. नवा सेल घातला, पण बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर गेल्या होत्या. मग निळ्या पडद्यावर मशीन 48 आकडी किल्ली मागत बसलं. पिन बरोबर असून उपयोग नाही. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात होती, पण त्या खात्याचा पासवर्ड कोणालाच आठवेना, शेवटी अण्णांच्या जुन्या डायरीत सापडला. आता ती किल्ली सहा-सहा आकड्यांचे आठ गट करून कागदावर लिहिलीय, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर. कॉम्प्युटरजवळ नाही.

शेवटचं काम चाचणीचं. गेल्या रविवारी एक निरुपयोगी फाइल उघडून मशीन हायबरनेट केलं आणि मेन स्विच पाडला. आईला सांगायचं राहिलं, मिक्सरमध्ये खोबरं होतं. अर्ध्या तासानं वीज जोडली, पिन टाकला, फाइल जशीच्या तशी उभी. अण्णांनी ती नीट पाहिली आणि तरीही कंट्रोल-एस दाबलं, दोनदा.