अर्धशिशीसाठी डॉक्टरांकडे वेळेवर कसे जावे

मराठवाड्यात डोके दुखू लागले की त्याचे कारण घरोघरी आधीच ठरलेले असते: पित्त झाले, ऊन लागले, उपास बाधला, चष्म्याचा नंबर वाढला. यांतील पित्ताचा समज सर्वांत चिवट आहे. अर्धशिशीच्या झटक्यात जठराचे काम मंदावते, मळमळते आणि उलटी झाल्यावर पुष्कळांना खरोखरच बरे वाटते. त्यामुळे पित्त पडले म्हणून डोके थांबले, असा अर्थ लावला जातो. केज तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याने वीसएक वर्षे हाच अर्थ लावला. पदर डोक्याला गच्च आवळून ती अंधाऱ्या माजघरात पडून राही, घशात बोटे घालून उलटी काढी आणि संध्याकाळी पुन्हा भाकरी थापायला बसे. डोके दुखत असताना एस.टी.ने तालुक्याला जाणे तिला शक्य नव्हते, आणि थांबल्यावर जाण्याचे कारण उरत नव्हते.

बहुतेकांचा उशीर इथेच होतो. म्हणून डॉक्टरांकडे डोके शांत असलेल्या दिवशी जावे. अर्धशिशीचे निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होते. तपासणीत काही वावगे आढळले नाही, तर सहसा सी.टी. स्कॅनचीही गरज पडत नाही. उपचार न घेतल्यास ४ ते ७२ तास टिकणारे, बहुधा एका बाजूचे, ठणकणारे, चालण्या-वाकण्याने वाढणारे दुखणे, त्यासोबत मळमळ किंवा उजेड आणि आवाज सहन न होणे, आणि असे किमान ५ झटके येऊन गेलेले असणे, एवढे नीट सांगता आले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

हे सांगता यावे यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे. दुधाचा खाडा जसा त्या तारखेच्या चौकटीत मांडतो, तशीच डोके दुखलेल्या दिवशी खूण करावी. ते किती वाजता सुरू झाले, किती तास राहिले, उलटी झाली का, कोणती गोळी घेतली आणि पाळीची तारीख कोणती, हे तिथेच लिहावे. लिहिता येत नसेल तर हे काम शाळेत जाणाऱ्या मुलाला द्यावे. महिनाभराचे पान घेऊन जावे. मात्र दुखणे वारंवार होत असेल तर पान भरण्याची वाट पाहू नये.

गोळ्यांची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच सहसा नसते. मेडिकलवाला पाकिटातून दोन गोळ्या कापून देतो आणि नाव छापलेला भाग त्याच्याकडेच राहतो. गोळी घेताना नावाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि अनेक औषधे एकत्र असलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळीनेच डोके दुखू लागू शकते. खूण केलेले दिवस मोजले की हे आपले आपल्यालाच कळते.

सुरुवातीलाच मेंदूविकारतज्ज्ञ शोधत छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेड गाठण्याची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा ओळखीचे एम.बी.बी.एस. डॉक्टर बहुतेकांना पुरेसे ठरतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. प्रवासच जमत नसेल तर मोबाइलवरून ई-संजीवनी या सरकारी सेवेद्वारे डॉक्टरांशी बोलता येते. दमा, हृदयविकार किंवा गर्भधारणेची शक्यता असल्यास ते न विचारताही सांगावे, कारण झटके टाळण्यासाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल दम्यात चालत नाही आणि व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक असते. झटके टाळणाऱ्या औषधांचा गुण यायला अनेकदा ६ ते ८ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून ती मनाने बंद करू नयेत.

घरातील अडसर मात्र वेगळा आहे. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे तिपटीने आढळते, आणि ‘डोकं तर सगळ्यांचंच दुखतं’ हे वाक्यही त्यांनाच ऐकावे लागते. लग्न ठरायचे असलेल्या मुलीचे दुखणे तर लपवलेच जाते. अशा घरात वाद घालण्यापेक्षा दिनदर्शिकेचे पान समोर ठेवावे; महिन्यात सहा दिवस अंथरुणात गेलेले दिसले की पुष्कळदा घरचेच गाडी काढतात. आशाताईंना सोबत घेतल्यास बोलणे आणखी सोपे होते.

काही वेळा मात्र पान, तारीख काहीच पाहू नये. क्षणार्धात उसळलेली, आयुष्यात कधी न अनुभवलेली वेदना, ताप आणि मान आखडणे, तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे, बोबडी वळणे, आकडी येणे, अचानक दिसेनासे होणे किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे, यांपैकी काहीही असल्यास तत्काळ १०८ ला फोन करावा. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, तसेच गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखीही त्वरित दाखवावी.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी दिवाळीच्या आधीच हे काम उरकावे. फडात एका दिवसाचा खाडा पडला की पैसे कापले जातात, त्यामुळे तिथे गेल्यावर दवाखाना होत नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांना किती महिने बाहेर राहणार ते सांगावे, तितक्या दिवसांची औषधे मिळतात का ते विचारावे, आणि केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सामानात ठेवावा, म्हणजे कारखान्याजवळच्या दवाखान्यात पहिल्यापासून सांगत बसावे लागत नाही.