‘रिक्रूट’ या शब्दाचं मूळ कसं शोधावं

सातारा जिल्ह्यातल्या गावांत पहाटे पोरं रस्त्यानं धावताना दिसतात. विचारलं तर म्हणतात, ‘भरतीची तयारी.’ सैन्यात घेतलं की त्यांना म्हणायचं ‘रिक्रूट’. हा शब्द आला कुठून, हे आपलं आपल्याला शोधता येतं. एक वही आणि व्युत्पत्ती देणारा इंग्रजी कोश जवळ हवा.

आधी कोशातले सगळे अर्थ उतरवून घ्या. नवा दाखल झालेला सैनिक. सैन्यात माणसं घेणं. कंपनीत नोकरीला घेणं. खाली बारीक अक्षरात एक जुना अर्थ सापडेल: आजारातून उठून गेलेली ताकद भरून काढणं. तो अजिबात गाळू नका, पुढची वाट तोच दाखवतो.

आता शब्द मागे न्या. इंग्रजीत तो 17व्या शतकात फ्रेंचमधून आला. फ्रेंच ‘रेक्रू’ म्हणजे पुन्हा वाढलेलं. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘क्रेस्केरे’, वाढणं. आधी लागलेला ‘रे’ म्हणजे पुन्हा. लढाईत, रोगराईत माणसं गेली की पलटण रोडावते. तिथं नवी माणसं येऊन ती पुन्हा भरते, ती ही वाढ. आजाऱ्याची ताकद भरून येते तसंच हे. म्हणून सुरुवातीला हा शब्द येणाऱ्या नव्या कुमकेसाठीही वापरात होता. मला यातलं हे भरून येणं फार आवडतं.

मग भावंडं शोधा. ‘इन्क्रीज’ सहज सापडेल. ‘क्रेसंट’ म्हणजे चंद्रकोर, मूळ अर्थ वाढता चंद्र. जहाजावरचा ‘क्रू’सुद्धा त्याच घरातला; तोही आधी लष्करी कुमकेलाच म्हणत.

इथं एक सावधगिरी. नुसत्या आवाजावरून नातं जोडू नका. ‘रंगरूट’ ऐकून रंग आठवतो, पण रंगाचा इथं काहीच संबंध नाही. आपल्याकडच्या जिभांवर रुळलेलं ते ‘रिक्रूट’च आहे.

शेवटी मराठी शब्द शेजारी लिहा. भरती आली ‘भरणे’वरून. लॅटिनशी तिचं नातं नाही, तरी कल्पना किती जवळची! समुद्राला येते तीही भरतीच.

हात बसला की ‘कन्स्क्रिप्ट’, म्हणजे सक्तीनं सैन्यात घेतलेला, हा शब्द घ्या. ‘कॉन’ म्हणजे एकत्र, ‘स्क्रीबेरे’ म्हणजे लिहिणं: ज्याचं नाव इतरांबरोबर यादीत लिहिलं गेलं, तो.