मालदीवला हनिमून: पोटभर, चवीचं आणि बजेटमधलं जेवण

मालदीवचं बुकिंग करताना सगळे आधी व्हिला बघतात, पाण्यावरचा घ्यायचा की बीचवरचा, आणि जेवणाचं काय ते तिकडे गेल्यावर बघू म्हणतात. मी म्हणेन उलटं करा, आधी जेवणाचं ठरवा. कारण तिथे बहुतेक रिसॉर्ट म्हणजे एक अख्खं बेट असतं, रात्री भूक लागली म्हणून बाहेर पडून दुसरं हॉटेल शोधू असा प्रकारच नाही, जे काही आहे ते त्यांच्याच रेस्टॉरंटमध्ये न् त्यांच्याच भावाने. त्यात मासे आणि नारळ सोडले तर बहुतेक सगळं बाहेरच्या देशातून येतं, त्यामुळे साधं सॅलडसुद्धा महाग पडतं. तुम्ही कुठल्या बेटावर राहताय त्यावरच तुमचं खाण्याचं बिल ठरतं.

म्हणून मुक्कामाचे दोन भाग करा. आधीचे दिवस लोकल बेटावर आणि शेवटच्या एक-दोन रात्री रिसॉर्टवर. लोकल बेट म्हणजे जिथे तिथली माणसं राहतात, शाळा, मशीद, किराणा दुकान, चहाची हॉटेलं सगळं असतं, आणि साधारण २००९ पासून अशा बेटांवर गेस्टहाऊस काढायला परवानगी आहे. माफुशी सगळ्यात गजबजलेलं, तिथे खायच्या जागा भरपूर. थोड्डूला शेती होते, कलिंगड आणि पपई तिथलीच, फळं आवडत असतील तर तिकडेच जा.

गेस्टहाऊसमध्ये नाश्ता बहुतेक वेळा भाड्यातच असतो, आणि तिथे ब्रेड-ऑम्लेट न मागता मास हुनी मागा. टूना, खवलेलं ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि वरून लिंबू, हे सगळं हाताने चांगलं कुस्करून एकत्र करतात आणि सोबत गरम रोशी, म्हणजे पातळ पोळीच. रोशीचा तुकडा तोडायचा, त्यात मास हुनी भरायची, वर काळ्या चहाचा घोट. एवढा नाश्ता झाला की दुपारपर्यंत भूक आठवत नाही.

चार-पाच वाजता चहाच्या हॉटेलात जाऊन बसा, ही वेळ खरंच चुकवू नका. या वेळच्या खाण्याला तिकडे हेधिका म्हणतात. गुल्हा म्हणजे टूना आणि खोबऱ्याचं सारण भरलेले तळलेले गोळे, बाजिया म्हणजे त्रिकोणी, समोशाच्या जातीतलं, शिवाय मसरोशी, म्हणजे टूना-खोबरं भरलेली रोशी, आणि कुल्ही बोकिबा, हा माशाचा तिखट केक, त्याच्या वड्या पाडून देतात. गरम काय आहे ते विचारून घ्या आणि दोघांत प्रत्येकातलं एकेक घ्या. इथे रुफियात, म्हणजे तिथल्या चलनातच पैसे द्या, एका डॉलरला १५.४२ हा तिथला ठरलेला दर आहे, डॉलर दिले की दुकानदार सरळ १५ धरतो किंवा सुट्टे नाहीत म्हणतो. आणि कपडे मात्र अंगभर घालून जा, बिकिनी फक्त ठरवून दिलेल्या बीचवर चालते.

रात्री गारुधिया आणि भात. टूनाचं पातळ, पाण्यासारखं सार, त्यात लिंबू पिळायचं, सोबत कच्चा कांदा आणि मिरची. दिसायला अगदी साधं पण दिवसभर समुद्रात पोहून आल्यावर याच्यासारखं दुसरं काही नाही. तिखट हवं असेल तर कोत्तू रोशी घ्या, म्हणजे रोशीचे तुकडे करून मसाल्यात परतलेले. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, कारण टूना ते कशातही घालतात, बाजियातसुद्धा, पण आधी सांगितलं तर डाळ-भात, भाजी, रोशी आनंदाने करून देतात.

शुक्रवारी दुपारच्या नमाजाला दुकानं बंद असतात, आधी खाऊन घ्या. रमजानात गेलात तर दिवसभर बाहेर खायला मिळणं अवघड, तेव्हा गेस्टहाऊसवाल्याशी आधीच बोलून ठेवा. लोकल बेटांवर दारूला बंदी आहे आणि देशात बाहेरून दारू नेता येत नाही, एअरपोर्टवरच काढून घेतात. बिस्किटं, कॉफीची पाकिटं, सुका खाऊ मात्र खुशाल न्या.

आता रिसॉर्ट. मेन्यूवर किमतीपुढे प्लस प्लस लिहिलेलं असलं की सावध व्हा. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि मग त्या सगळ्यावर टुरिझमचा जीएसटी, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय, म्हणजे १०० डॉलरचं जेवण जवळजवळ १२९ ला जातं. त्यामुळे मील प्लॅन आधीच घ्या आणि रेट टॅक्ससकट विचारा. दोघंही पीत नसाल तर ऑल इन्क्लुझिव्हमध्ये पैसे उगाच जातात, हाफ बोर्ड, म्हणजे फक्त नाश्ता आणि रात्रीचं जेवण, बरा, नाश्ता उशिरा आणि भरपेट करायचा, दुपारी रूममध्ये चहा-बिस्किटं, आणि रात्री बुफे. फक्त हाफ बोर्डमध्ये प्यायचं पाणी धरलंय का ते विचाराच, बऱ्याच ठिकाणी जेवताना घेतलेल्या बाटलीचं वेगळं बिल लावतात. रात्री राहायचंच नसेल तर माफुशीहून जवळच्या रिसॉर्टचा डे पास मिळतो, काहींत जेवण आणि ड्रिंक्स धरूनच असतात.

आणि कँडललाइट डिनर, तो होऊ द्या, त्यात काटकसर नको, पण रिसॉर्टवर पैसे देऊन बुक करायच्या आधी हनिमून पॅकेजमध्ये काय काय फ्री आहे ते ईमेलवर विचारा. लग्नाचं सर्टिफिकेट दाखवलं की केक किंवा एखादं डिनर देणारी रिसॉर्ट्स बरीच आहेत, मात्र लग्नाला किती महिने झाले आणि किमान किती रात्री राहताय याच्या अटी असतात. नाहीतर लोकल बेटावर गेस्टहाऊसवाल्याला सकाळी सांगून ठेवा, तो संध्याकाळी वाळूत टेबल मांडून त्याच दिवशीचा मासा निखाऱ्यावर भाजून देतो, रिसॉर्टपेक्षा खूपच कमी पैशात, आणि मासा कुठला ते तुम्हीच जाऊन निवडू शकता का तेही विचारून बघा.