सकाळचं बुलेटिन वाचायचंय? आधी रात्रीचे आठ सांभाळा

टीव्हीवरच्या सहाच्या बातम्यांसाठी मी तीनला उठते, म्हणून आठला आडवी. सासूबाई मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी बघतात. त्यांचे उपकार मोठे.

उठल्यावर कोमट पाणी. दुधाचा चहा नको, घसा चिकटतो.

रनडाउन, म्हणजे बातम्यांच्या क्रमाची यादी, मिळाला की मेकअपच्या खुर्चीतच मोठ्याने वाचा, गावांची नावं आधी. चाळीसगावातला 'च' चहातला, चाळीतला नव्हे! मी एकदा चुकले, तर माहेरूनच फोन.

अवघड असतं ते कानातल्या इअरपीसमधलं बोलणं. तुम्ही वाचत असता आणि प्रोड्यूसर सांगतो, "हार्बर लोकल बंद, पुढची बातमी सोड." सरावासाठी घरी कानात रेडिओ लावून पेपर मोठ्याने वाचा. पहिले पंधरा दिवस रडू येईल.

क्रोमा, म्हणजे मागे हिरवा पडदा, असेल तर हिरवी साडी नको, पदरावर हवामानाचा नकाशा उमटतो.