चाळिशीनंतर मित्रांसोबत सहारात धावताय? या चुका टाळा

मोरोक्कोच्या दक्षिण भागात, सहारा वाळवंटात, १९८६ पासून 'मॅरेथॉन दे साब्ल' ही धावण्याची शर्यत होते. साधारण २५० किलोमीटर, टप्प्याटप्प्याने. पाणी आणि तंबू आयोजक देतात. आठवड्याचं खाणं, स्लीपिंग बॅग, औषधं आपल्या पाठीवर. जुन्या मित्रांनी मिळून नाव नोंदवावं यासारखं सुख नाही, पण काही चुका मित्रांच्या गटातच जास्त होतात.

सगळ्यात घातक म्हणजे 'शेवटपर्यंत एकत्रच धावायचं' हा शब्द. वाळूत प्रत्येकाचा वेग निराळा पडतो. मागे राहणारा मित्र ओढाताण करत धावतो आणि दुखणं लपवतो, कारण आपल्यामुळे बाकीच्यांचं बिघडू नये असं त्याला वाटतं. त्यापेक्षा दिवसा आपापल्या वेगाने जा, संध्याकाळी तंबूत भेटा. मात्र ८० किलोमीटरच्या आसपासचा लांब टप्पा रात्रीतही चालतो, तिथे जोड्या आधीच ठरवा. आणि कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला सोडून कुणीही पुढे जायचं नाही.

पाण्याचा अंदाज मुंबई-पुण्याच्या सवयीने चुकतो. इथे टी-शर्ट ओला झाला की घाम कळतो. तिथल्या कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो. कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग तेवढे उरतात. मग घाबरून नुसतं पाणी ढोसणं ही पुढची चूक. रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं ही लक्षणं दिसली, तर आणखी पाणी पाजू नका, वैद्यकीय पथकाला हाक मारा. मीठ पहिल्या दिवसापासून घ्या. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात, तेवढी तयारी आधी करा.

गुडघा दुखतो म्हणून आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेत धावणं या वयात सर्रास चालतं. पाणी कमी पडलेल्या शरीरात ते मूत्रपिंडाला इजा करू शकतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना शर्यतीबद्दल स्पष्ट सांगा. ईसीजी आयोजक मागतातच. मी तर स्ट्रेस टेस्टही, म्हणजे व्यायाम करताना हृदयाची तपासणी, करून घ्या म्हणेन.

गेटर, म्हणजे वाळू आत जाऊ नये म्हणून बुटावर चढवायची कापडी आवरणं, नुसते चिकटवू नका, उन्हात डिंक सुटतो. त्यांची पट्टी चांभाराकडून बुटाला सगळीकडून शिवून घ्या. पाय सुजतात, म्हणून बूट थोडा मोठा हवा. तळव्याला चटका जाणवला की तिथल्या तिथे थांबून टेप लावा, पुढच्या चौकीपर्यंत फोड आलेला असतो.

खाण्यात सगळं गोड नेऊ नका, तिसऱ्या दिवशी घशाखाली उतरत नाही. खारे शेंगदाणे हवेतच.

आणि वाळूचं वादळ आलं तर तोंड झाकून जागीच थांबा. १९९४ मध्ये मौरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू वादळातही पुढे जात राहिला, वाट चुकला आणि नऊ दिवसांनी थेट अल्जीरियात सापडला.