विंडोज ११ टाकताना या चुका टाळा (मी जवळपास सगळ्या करून बसलो)

राजेहो, आधीच सांगतो, मी काही कॉम्प्युटरचा इंजिनियर नाही. दारव्ह्याच्या अलीकडं खेड्यात राहतो, शेती आहे, आणि घरी २०१९ मध्ये असेंबल करून घेतलेला एक डेस्कटॉप आहे, आय३ आठव्या जनरेशनचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन सोयाबीन सोंगायच्या धांदलीत, त्याच्यावर स्क्रीनभर सूचना यायला लागली की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपून राहिला, ११ वर या. मला वाटलं १५ तारखेला मशीन चालूच होणार नाही. रात्री नऊ वाजता जेवण झाल्यावर बसलो, म्हटलं तासाभरात उरकून टाकू. ते उरकायला अठरा दिवस लागले.

पहिली चूक हीच, घाई. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, नवे सिक्युरिटी अपडेट यायचे थांबतात, बस. आणि तेही लगेच थांबवायची गरज नाही, कारण घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट वाढवून दिलेत. विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन पाहिजे, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट पाहिजे, आणि सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच नाव नोंदवायची लिंक येते. सेटिंगचा बॅकअप अकाउंटला सिंक केला तर फुकट, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉईंट, नाहीतर ३० डॉलर. हे मला आधी माहीत असतं तर सोयाबीन घरी आणून, दिवाळी करून, मग निवांत केलं असतं.

कॉम्प्युटर आपल्या एकट्याचा आहे असं समजू नका

ही सगळ्यात महागात पडलेली चूक. मशीन मी घेतलं, बिल मी भरलं, म्हणून मी कोणाला न विचारता सुरू झालो. पण माझं त्याच्यात होतं काय, शेतीचे दोन-चार फोटो आणि डाऊनलोड केलेले सातबारे, जे परत कधीही काढता येतात. खरा कॉम्प्युटर चालवते बायको. ती उमेदच्या बचत गटाची सचिव, तीन वर्षांचा हिशोब, कोणाला किती कर्ज, कोणाचा हप्ता राहिला, सगळं एक्सेलमध्ये. आणि पोराचे स्कॉलरशिपचे स्कॅन केलेले कागद. म्हणून बसायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला समोर बसवून विचारा की तुझं यात काय आहे आणि कुठं ठेवलंय. नुसतं "काही महत्त्वाचं आहे का" असं विचारलं तर सगळे नाहीच म्हणतात, आपल्या घरी तरी तसंच आहे, म्हणून फाईल उघडून दाखव म्हणायचं.

आणि इथंच दुसरी गोष्ट, डेस्कटॉपवर दिसते ती फाईल सी ड्राईव्हमध्येच असते, म्हणजे डिस्कच्या विंडोजवाल्या भागात, जो फॉरमॅट मारला की पुसला जातो. डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स, पिक्चर्स पण तिथंच. आपल्याकडं सगळ्यांना एवढंच पाठ आहे की सी उडाला तरी डी वाचतो, पण समोर दिसणारं सगळं त्या उडणाऱ्या सीमध्येच आहे हे कोणी सांगत नाही. बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राईव्हवर घ्या, आणि ती काढून दुसऱ्या मशीनला लावून दोन-तीन फाईली उघडून पाहा. त्याच डिस्कच्या डी ड्राईव्हमध्ये कॉपी करणं म्हणजे घरातला कापूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणं, आग लागली तर दोन्ही जातो.

बायोसमध्ये नको तिथं हात

माझी मुख्य फजिती इथं झाली म्हणून जरा सविस्तर सांगतो. विंडोज ११ ला ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टीम चालू देणारं सेटिंग) चालेल असं यूईएफआय बायोस लागतं. बायोस म्हणजे मशीन चालू होताना विंडोजच्याही आधी चालते ते, आणि यूईएफआय ही त्याची नवी पद्धत. इंटेलमध्ये साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचे आणि रायझनमध्ये २००० सिरीजपासून पुढचे प्रोसेसर यादीत आहेत, थोडे अपवाद सोडून. पीसी हेल्थ चेक नावाचं मायक्रोसॉफ्टचंच छोटं ॲप आहे, ते चालवलं की आपलं मशीन बसते का नाही ते कळते.

माझ्या मशीनला त्यानं सांगितलं टीपीएम नाही. आता आठव्या जनरेशनच्या बहुतेक मशीनमध्ये टीपीएम असतोच, नुसता बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. इंटेलमध्ये त्याचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम. तेवढं चालू करायचं, सेव्ह करायचं आणि बाहेर यायचं. मी बाहेर आलो नाही. व्हिडिओत पाहिलं होतं म्हणून सीएसएम (जुन्या पद्धतीनं बूट होऊ देणारं सेटिंग) पण बंद केलं, सिक्युअर बूट चालू केलं, सेव्ह मारलं, आणि काळी स्क्रीन, बूट डिव्हाईस सापडत नाही म्हणे. झालं असं होतं की २०१९ मध्ये असेंबल करणाऱ्यानं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीनं टाकली होती, डिस्क एमबीआर म्हणजे जुन्या मांडणीची होती, आणि सीएसएम बंद केल्यावर तशी डिस्क बूट होत नाही. डेटा कुठंच गेला नव्हता! परत बायोसमध्ये जाऊन सीएसएम चालू केलं असतं तर दोन मिनिटात जुनी विंडोज चालू झाली असती.

पण तेव्हा हे कोणाला माहीत. सकाळी कॅबिनेट पोत्यात गुंडाळलं, गाडीवर बांधलं आणि एका दुकानात नेलं. तो म्हणे विंडोज मारून देतो, पाचशे लागतील. मी म्हटलं मारा, फक्त डीला हात लावू नका. त्यानं खरंच डीला हात लावला नाही, त्याची काही चूक नाही. बायकोच्या फाईली डेस्कटॉपवर होत्या.

संध्याकाळी मशीन लावलं तर मस्त चकाचक विंडोज ११. बायको आली, पाच मिनिटं शोधलं, आणि मग, "माह्या फायली कुठी गेल्या? तुमाले कोणं सांगतलं व्हतं हात लावाले?" यावर बोलायला माझ्याकडं काहीच नव्हतं.

तर तुम्ही असं करा. विंडोजचं बटण आणि आर दाबून रनमध्ये एमएसइन्फो३२ टाका, त्यात बायोस मोड लेगसी आहे की यूईएफआय ते पाहा. यूईएफआय असेल तर भीती नाही. लेगसी असेल तर आधी डिस्क जीपीटी म्हणजे नव्या मांडणीची करावी लागते, त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाची कमांड विंडोज १० मध्येच आहे, पहिले व्हॅलिडेट, ते पास झालं तर कन्व्हर्ट, आणि मगच बायोस. बॅकअप नसेल तर यातलं काहीच नाही. लॅपटॉप असेल तर अजून एक पाहा, डिव्हाईस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का. चालू असताना बायोसमध्ये टीपीएमला हात लावला की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागते, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाईटवर असते, आधीच कागदावर उतरवून ठेवा.

लाईन आणि नेट

आपल्याकडं वारं सुटलं की लाईन जाते हे मी सांगायला नको. अपग्रेड चालू असताना लाईन गेली तर बऱ्याचदा विंडोज आपोआप मागं फिरते, पण प्रत्येक वेळी फिरेलच असं नाही. साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं पुरतो, अपग्रेडला जुन्या हार्डडिस्कवर तीन-चार तास पण लागतात, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर घ्या नाहीतर लाईन टिकते अशा वेळी करा. आणि टक्का अडकला म्हणून बटण दाबून मशीन बंद करू नका. हार्डडिस्कची बारीक लाईट लुकलुकत असली म्हणजे काम चालू आहे, चहा पिऊन या. उन्हाळ्यात तर भरदुपारी करूच नका, ४५ डिग्रीत धुळीनं भरलेलं कॅबिनेट तापून मधातच बंद पडते. करायच्या आधी झाकण उघडून मऊ ब्रशनं पंखा साफ करा, आमच्या पंख्यावर तर कापसाची रुई जमली होती.

नेटचं असं की डाऊनलोड पाच जीबीच्या वर जाते आणि मोबाईलचा पॅक रोजचा दीड-दोन जीबीचा. हॉटस्पॉटवर ते कधी पुरं होत नाही. जिथं वायफाय आहे तिथून मीडिया क्रिएशन टूलनं कमीत कमी ८ जीबीचा पेनड्राईव्ह बनवून आणा, तो पेनड्राईव्ह पूर्ण पुसला जातो हे लक्षात ठेवून. आयएसओ फाईल (विंडोजची पूर्ण इन्स्टॉल फाईल) नुसती कॉपी करून आणायची असेल तर पेनड्राईव्ह एफएटी३२ असला की ४ जीबीच्या वरची फाईल बसतच नाही, कितीही जागा रिकामी असो. मी यासाठी एक फेरा फुकट मारला, बसभाडं वेगळं. एक्सफॅट फॉरमॅट करा, बसते.

मराठी फॉन्ट, अंगठ्याचं मशीन, जुनं बिलिंग

डी ड्राईव्हमध्ये बायकोच्या हिशोबाची मार्चपर्यंतची एक जुनी कॉपी सापडली. जीवात जीव आला, उघडली, तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. फाईल बिघडली नव्हती, ती कृतीदेवमध्ये टाईप केलेली होती आणि नव्या विंडोजमध्ये कृतीदेव फॉन्टच नव्हता. फॉन्ट टाकला की वाचता येते. म्हणून फॉरमॅट मारायच्या आधी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कृतीदेव, श्रीलिपी जे काय वापरता ते कॉपी करून ठेवा. आणि पुढचं युनिकोडमध्येच लिहा, ते वेगळा फॉन्ट न टाकता वाचता येते, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की मराठी फोनेटिक कीबोर्ड येतो, मोबाईलवर टाईप करता तसंच.

प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर आधी उतरवून घ्या, अंगठ्यावाल्याची आरडी सर्व्हिस (अंगठा आधारशी जुळवायला लागणारं सॉफ्टवेअर) पण. इंटरनेट एक्सप्लोरर विंडोज ११ मध्ये नाही, काही जुन्या साईटला तोच लागतो, तिथं एजचा आयई मोड वापरा. कृषी केंद्रवाल्या भावांसाठी एक, तुमचं बिलिंग फॉक्सप्रोच्या डॉसवालं असेल तर ते ३२ बिटच्या विंडोजमध्येच चालून राहिलं असणार, आणि ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. ते डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालते का हे दुसऱ्या मशीनवर पाहिल्याशिवाय दुकानच्या मशीनला हात नका लावू.

अपग्रेड अडकलं किंवा पटलं नाही तर

०एक्स सी१९००१०१ पासून सुरू होणारा एरर आला तर बहुतेक ड्रायव्हरची भानगड असते, कीबोर्ड-माऊस सोडून सगळं यूएसबीचं काढा, बाहेरचा अँटिव्हायरस काढून टाका, परत करा. जागा कमी पडत असेल तर सी रिकामा करा, आपल्याकडं ५० जीबीचा सी करून द्यायची पद्धत आहे, तो ११ ला पुरतच नाही.

जुन्यावरून अपग्रेड केलं असेल, फॉरमॅट नाही, तर १० दिवसांच्या आत सेटिंगमधल्या रिकव्हरीतून परत १० वर जाता येते. पण जागा करायला विंडोज डॉट ओल्ड हा जुन्या विंडोजचा फोल्डर उडवला की तो रस्ता बंद. माझ्या साळ्यानं दुसऱ्याच दिवशी उडवला. त्याचं मशीन तर चौथ्या जनरेशनचं, रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं पेनड्राईव्ह बनवून तपासणी टाळून जबरदस्तीनं ११ बसवलेलं, आता पुढचे अपडेट येतील याची काही गॅरंटी नाही आणि साध्या हार्डडिस्कवर ते इतकं सुस्त की ब्राउझर उघडेपर्यंत बैल पाण्यावर नेऊन आणावे. त्याला मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकून दिली, एसएसडी (वेगवान डिस्क) लावली, आता पोरं अभ्यास करून राहिली त्यावर. क्रॅक करून देतो म्हणणारे पण भेटतात, त्यांचं पहिलं वाक्य डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद करा असं असते, तिथंच उठून यायचं.

बायकोचा मार्चनंतरचा हिशोब व्हॉट्सॲपमध्ये सापडला. दर महिन्याला ती गटाच्या ग्रुपवर पीडीएफ टाकायची, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसलेला असतो म्हणून ते नीट वाचता येत होतं. ते पाहून एक-एक ओळ परत एक्सेलमध्ये टाईप करायचं काम माझ्याकडं आलं, फोनेटिकवर. ऑगस्ट आणि सप्टेंबर अजून राहिलेत.